गालावरचा ओरखडा

१७ ऑक्टोबर

आज माझ्या बायकोचा, दोब्रिनाचा, चाळिसावा दिवस झाला. उकडलेले गहू, साखर आणि अक्रोड घेऊन दफनभूमीत गेलो. पाद्री उशिरा आला आणि लवकर गेला. थडग्यांच्या रांगेत त्याला आणखी दोन घरं करायची होती.

येताना तिच्या फोटोची नवी निधनसूचना आमच्या फाटकावर, ती काम करायची त्या दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या दारावर आणि बसथांब्याजवळच्या झाडावर डकवली. छापखान्यातल्या मुलीने विचारलं होतं, "दोन ओळी हव्यात की चार? चार ओळींत दुःख जास्त दिसतं." मी दोन घेतल्या.

मेहुणी स्तोयना जेवायला थांबली. ती दोब्रिनाहून लहान आणि आवाजाने दुप्पट.

"भावोजी, दगड कधी बसवताय? माझ्या बहिणीच्या उशाशी अजून लाकडी क्रूस आहे. टोमॅटोच्या रोपाला काठी लावल्यासारखा."

मी म्हटलं, निवृत्त भूगोल शिक्षकाच्या पेन्शनमध्ये टोमॅटोच परवडतो.

पण दगड हवा. त्यावर नाव नीट कोरलेलं हवं. दोब्रिनाची नाणी विकायचं ठरवलं.

१९ ऑक्टोबर

नाणी उशांच्या अभ्र्यांखाली होती. तीसेक असतील. चांदीची, अंगठ्याच्या नखाएवढी. एका बाजूला जहाजाचा नांगर आणि शेवंड, दुसऱ्या बाजूला जीभ बाहेर काढलेली राक्षशीण. अडीच हजार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या ग्रीकांना पैशावर हेच छापावंसं वाटलं. आजच्या नोटांवरचे चेहरे पाहता त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दोब्रिना सांगायची, की तिच्या सोझोपोलच्या आजोबांना द्राक्षमळा खणताना या नाण्यांचा हंडा सापडला. स्तोयनाला विकण्याचं सांगितलं तर ती ताटावरून उठलीच.

"विकू नका."

"का?"

"आठवण आहे तिची."

"चार ठेवून घे आठवणीला. आजोबा तुझेही होते."

"कुठले आजोबा?"

"द्राक्षमळेवाले."

"आमचे आजोबा रेल्वेत तिकिटं तपासायचे, भावोजी. त्यांनी आयुष्यात एक कुंडीसुद्धा खणली नाही."

स्तोयनाला घरच्या गोष्टी कधीच धड आठवत नाहीत. मी विषय वाढवला नाही.

६ नोव्हेंबर

वार्नाहून लिलावगृहाचे मालक श्री. काल्चेव स्वतः आले. मी फक्त एक फोन केला होता. एवढी तत्परता आमच्या शहराच्या नळ दुरुस्ती विभागाने पाहायला हवी.

माणूस अत्यंत बारीक नजरेचा. आमच्या जिन्याची तिसरी पायरी हलते आणि नवा माणूस तिथे हमखास अडखळतो. काल्चेव अंधारात ती पायरी ओलांडून वर आले. आल्या आल्या दोब्रिनाच्या फोटोसमोर उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "दोब्रिन्का गेली म्हणजे एक युग गेलं." फाटकावरच्या सूचनेत तिचं नाव पूर्ण छापलं आहे, तरी त्यांनी आपुलकीने लाडकं नाव केलं. व्यापारी लोकांत अशी हळवी माणसं असतात हे मला माहीत नव्हतं.

नाणी पाहून मात्र ते आनंदले नाहीत. "सगळी इथे? एवढी?" असं दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "मास्तर, लिलावाच्या भानगडीत कशाला पडता? मी एकटाच घेतो. हळूहळू, वर्षाला दोन-तीन करून काढू."

"मला दगड या वर्षी बसवायचा आहे."

"मग निदान वेगवेगळ्या नावांनी विकू."

"अजिबात नाही. एकाच पानावर, एकाच नावाखाली. 'दोब्रिना यांचा संग्रह.' नाहीतर मी सोफियातल्या दुसऱ्या लिलावगृहाकडे जातो."

काल्चेवनी कॉफी एका घोटात संपवली आणि होकार दिला. कॉफी उकळती होती.

तिच्या हयातीत तिचं नाव कुठे छापून आलं नाही. दुसऱ्यांच्या तोंडात बसणाऱ्या वस्तूंवर कोणी नाव घालत नाही.

१० डिसेंबर

कॅटलॉग आला. एक अख्खं पान. सगळ्या राक्षशिणी रांगेत, वर्गाच्या फोटोतल्या मुलींसारख्या, मी सांगितलं होतं तशाच. वर तिचं नाव. ते पान मी तीन शेजाऱ्यांना दाखवलं. चौथ्याने दार उघडलं नाही.

स्तोयनाने पान पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

२४ जानेवारी

वार्नाला लिलाव. हॉटेलच्या ज्या दालनात लग्नं लागतात तिथेच. छताला अजून फुगा चिकटलेला होता. माणसं थोडी, टेलिफोन जास्त. एक मुलगी फोन कानाला लावून भिंतीकडे पाहत मान हलवायची आणि किंमत चढायची. मी वर्गात कित्येक वर्षं मान हलवली, माझ्याने भाव कधी चढला नाही.

दोब्रिनाचं पान आलं तेव्हा काल्चेवनी खिडकी उघडायला सांगितली. बाहेर बर्फ होता. सगळी नाणी गेली. बरीचशी जर्मनीतल्या एका दंतवैद्याने घेतली. दातांच्या माणसाकडे गेली याचं मला बरं वाटलं. तिलाही वाटलं असतं.

परत येताच दगडवाल्याला सांगून आलो. काळा दगड, साधा.

१३ फेब्रुवारी

काल्चेवचा फोन. आवाज खोल गेलेला. नाणी खोटी आहेत म्हणे. जर्मनीच्या त्या दंतवैद्याने घेतलेली सगळी परत पाठवली आहेत.

मी म्हटलं, "तुम्ही हातात घेऊन पाहिली होती. तुमची खात्री छापली होती."

"मास्तर, नाणं फसवतं."

"नाणं फसवत नाही, काल्चेव. ते पडून असतं."

पण तिकडे दगडवाल्याने दगड कापायला घेतला होता.

१८ फेब्रुवारी

आज काल्चेव एका बाईंना घेऊन आले. डॉ. मानोलोव्हा, नाण्यांच्या तज्ज्ञ. साठीच्या आसपास, बुटात बर्फ, चष्म्यावर दुसरा चष्मा. तिसऱ्या पायरीवर त्या व्यवस्थित अडखळल्या.

त्यांनी टेबलावर दोन नाणी ठेवली आणि भिंग माझ्याकडे दिलं.

"राक्षशिणीच्या डाव्या गालावर पाहा. काय दिसतं?"

"ओरखडा."

"आता दुसरी."

दुसरीच्या गालावरही तोच ओरखडा. तेवढाच, तिथेच, तसाच वाकडा. मग त्यांनी सगळ्या मांडल्या. सगळ्यांना एकाच मांजरीने ओरबाडलं होतं.

"खऱ्या नाण्याला ओरखडा पडतो तो जमिनीत, नांगराने, नशिबाने," बाई म्हणाल्या. "दोघींना एकच नशीब नसतं. कोणाकडे तरी एक खरं नाणं होतं, त्यावर हा ओरखडा होता. त्याचा साचा घेऊन या सगळ्या पाडल्या. एकेक सुटी मिळाली असती तर मी शपथेवर खरी म्हटली असती. तुम्ही एका पानावर मांडल्यात म्हणून कळलं."

काल्चेव खिडकीतून बाहेर पाहत होते.

म्हणजे मी तिच्या मानासाठी पान मागितलं आणि त्याच पानाने घात केला. भूगोलात याला काही शब्द नाही.

मानोलोव्हा मात्र त्या नाण्यांकडे ज्या नजरेने पाहत होत्या, तसं मी माणसांना नातवंडांकडे पाहताना पाहिलंय. म्हणाल्या, हे काम करणाऱ्याला त्या 'घड्याळजी' म्हणतात. नाव कोणालाच माहीत नाही. कित्येक वर्षं बाजारात त्याचा माल येतो, एकेक करून. "काय हात आहे! लहान जागेत काम करण्याची सवय असलेला माणूस. मेणावर, प्लास्टरवर. घाई नाही, हाव नाही. गेल्या उन्हाळ्यापासून काहीच आलं नाही. म्हातारा झाला असेल, किंवा आजारी."

"तुरुंगात असेल," मी म्हटलं. "असायला हवा."

या घड्याळजीने माझ्या बायकोला गाठलं आणि लुबाडलं. आजोबांची गोष्ट तिने लाजेने रचली असणार. स्वतः साठवलेल्या पैशांनी नाणी घेतली, फसली आणि मला सांगता येईना. दर वसंतात वार्नाला हिरड्यांच्या परिषदेला जायची, तिथेच कुठे तो भेटला असेल. परत यायची तेव्हा किती खुशीत असायची. बिचारी.

मग बाईंनी विचारलं, "या सगळ्या सुंदर आहेत. एखादी वेगळी होती का? झिजलेली, कडा तुटलेली, गालावरचा ओरखडा जास्त खोल?"

होती. काड्यापेटीत वेगळी ठेवलेली. दफनाच्या दिवशी प्रवासखर्चाला मेलेल्याच्या हातात नाणं द्यावं लागतं. सगळ्यांत कुरूप होतं ते मी तिच्या मुठीत ठेवलं. म्हटलं, चांगली दगडाला उपयोगी पडतील.

मानोलोव्हांनी दोन्ही चष्मे काढले.

काल्चेव खाकरले. "तसं पाहिलं तर... नगरपालिकेकडून परवानगी निघू शकते. उघडायची. दहा मिनिटांचं काम."

स्तोयना स्वयंपाकघरातून पळी घेऊन आली. सुपाची होती, थेंब गळत होते.

"काय उघडायचं? काय उघडायचंय तुला, मुडद्या? माझ्या बहिणीची मूठ? जिवंत होती तेव्हा कमी उघडलीस?"

"बाई, मी फक्त..."

"तू फक्त जिना उतर. पायऱ्या तुला पाठ आहेतच!"

उतरले. स्तोयना रागात काहीही बोलते.

२२ फेब्रुवारी

काल्चेवनी तोडगा पाठवला आहे. लिलावगृह तोटा सोसेल, पैसे माझ्याकडेच राहतील, दगड बसेल. त्या बदल्यात मी एका निवेदनावर सही करायची. पुढच्या कॅटलॉगमध्ये ते पहिल्या पानावर छापून येईल. मसुदा असा: "सदर नाणी मृत दोब्रिना यांनी बाजारात अनोळखी इसमांकडून खरेदी केली. त्या साध्याभोळ्या गृहिणी होत्या. जुन्या नाण्यांतील त्यांना काहीही समजत नव्हते. त्यांच्या अज्ञानाचा गैरफायदा घेण्यात आला. लिलावगृहाचा त्यांच्याशी पूर्वी कधीही संबंध आला नव्हता."

शेवटचं वाक्य कशाला घातलं, कळलं नाही. कोणी विचारलं होतं?

बाकीचं सगळं खरंच आहे. मीच तसं समजतो आहे. तरी पेन हातात घेतलं की खाली ठेवतो.

२५ फेब्रुवारी

स्तोयनाला मसुदा वाचून दाखवला. ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग रडली.

"सही करा, भावोजी. तिला दगड मिळेल. सगळे सुटतील."

"साधीभोळी लिहिलंय."

"लिहू दे. तिला आता दात कोरायचे नाहीत."

"अज्ञान लिहिलंय."

"भावोजी, तुम्हाला खरंच..." एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "तुमच्या घराचं छप्पर कुठल्या पैशांत झालं, कधी विचारलंत तिला?"

"बोनस मिळाला होता तिला."

"हो," स्तोयना म्हणाली. "कवळ्यांवर फार बोनस असतो." आणि भांडी घासायला गेली.

दोब्रिनाच्या बोनसवर तिच्या सख्ख्या बहिणीने जळावं, तेही तिच्या माघारी, हे मला बरं वाटलं नाही.

४ मार्च

वार्नाला जाऊन आलो. सगळं क्रमाने लिहितो.

वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे सगळ्यांच्या मनगटांवर होते. स्तोयनाने माझ्याही बांधला होता, कोटाच्या बाहीखाली, शोक चालू आहे म्हणून. काल्चेवच्या खोलीत ते स्वतः, मानोलोव्हा बाई आणि मी. कॉफी, बिस्किटं आणि निवेदन. सोनेरी टोपणाचं पेन माझ्याकडे टोक करून ठेवलेलं.

"इथे, मास्तर. फक्त नाव."

मी पुन्हा एकदा वाचलं. वाचताना मला तिचा अंगठा आठवला. ती कवळीच्या दातावरून अंगठा फिरवून म्हणायची, "हा केसभर उंच आहे," आणि दंतवैद्य मोजून पाहायचा तर तो केसभर उंच असायचा. शहरातल्या अर्ध्या लोकांनी तिच्या दातांनी भाकरी चावली, आणि आता तिच्याबद्दल छापून येणार होतं, की तिला दोन नाण्यांवरचा एकच ओरखडा दिसला नाही. आणि तो ओरखडा जर्मनीतल्या दंतवैद्याला दिसला. कॅटलॉग घेणारे पाचशे लोक हे वाचणार आणि बिस्किटं खात म्हणणार, बिचारी.

बिचारी मी म्हणू शकतो. तो माझा अधिकार आहे.

मी पेन काल्चेवकडे सरकवलं. म्हटलं, "हे खोटं आहे. तिने नाणी विकत घेतली नाहीत. तिने ती स्वतः बनवली."

मी जन्मात एवढं मोठं खोटं बोललो नव्हतो. वाटलं, दोघं हसतील. हसलं कोणी नाही. काल्चेवची कॉफी निवेदनावर सांडली. नाजूक प्रकृतीचा माणूस.

"मास्तर दुःखाने भ्रमले आहेत," ते म्हणाले.

"गप्प बसा," मानोलोव्हा बाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडली. "चांदी कुठून आणायच्या त्या?"

आता माघार नव्हती. जे पहिलं आठवलं ते बोललो. "चमचे. जुन्या बाजारातून जुने, वाकडे चमचे आणायची. आठवडाभर खणात असायचे, मग नसायचे."

"दाब कशाने द्यायच्या?"

"जॅक होता तळघरात. मोटार उचलायचा."

"मोटार कुठली आहे तुमची?"

"आमच्याकडे मोटार कधीच नव्हती," मी म्हटलं, आणि उत्तर आणखी खोटं वाटू नये म्हणून बाईंच्या नजरेला नजर दिली.

"आणि जुनेपणा? काळपटपणा?"

"कोबीच्या आंबवणात. हिवाळ्यात बाल्कनीत दोन पिंपं असायची. एकातला कोबी आम्ही खायचो. दुसऱ्याला मी हात लावला की ओरडायची."

"आणि झीज? कडा इतक्या सहज झिजलेल्या असायच्या."

"एप्रनचा खिसा. अक्रोडांबरोबर. दिवसभर घरात खुळखुळत हिंडायची."

माझं मलाच नवल वाटलं, एवढं सुचत कसं गेलं. चाळीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्या, त्या कुठे तरी मुरल्या असणार. बाई भराभर लिहीत होत्या आणि मधेच त्यांनी लिहिणं सोडलं.

"मी सगळीकडे 'तो' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तीन लेखांत. 'तो.'" मग त्या काल्चेवकडे वळल्या. "तुमच्याकडून तिची किती गेली आजवर?"

हा प्रश्न त्यांना का, हे मला कळलं नाही, पण माणसाचा रंग त्या लाल-पांढऱ्या दोऱ्यातल्या पांढऱ्याएवढा झाला.

"पैसे परत द्यावे लागतील," ते मला म्हणाले. "सगळे. आणि पोलीस येतील."

"येऊ देत. मेलेल्या बाईला काय करतील? मी पैसे देतो. छापायचं असेल तर पूर्ण नाव छापा. आडनावासकट. आणि साधीभोळी काढा."

दगडवाल्याला मी तिथूनच फोन करून दगड नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, कापलेला दगड आहे, दुसऱ्या कोणाला तरी लागेल. त्याच्या धंद्यात लागतोच.

मानोलोव्हा बाई माझ्याबरोबर बसस्थानकापर्यंत चालत आल्या. मला भीती वाटत होती, की आता जॅकचं आणखी काही विचारतील आणि मी उघडा पडेन. जॅक आमच्या तळघरात खरोखर आहे, तो का आहे, ते एकदा स्तोयनाला विचारायला हवं.

पण त्यांनी विचारलं, "मास्तर, कशी होती हो ती?"

सप्टेंबरपासून लोकांनी मला जेवलास का विचारलं, झोप लागते का विचारलं, दगड कधी विचारलं. हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ती शिंकायची तेव्हा लागोपाठ पाच वेळा, आणि पाचवी झाली की स्वतःच 'आता पुरे' म्हणायची. तिला दुसऱ्यांच्या ताटातलं लोणचं आवडायचं. फोटोत ती तोंड मिटून असते, कारण पुढचा एक दात वाकडा होता. जगाचे सरळ केले, स्वतःचा ठेवला. म्हणायची, हा माझा आहे, ओळखू येतो.

बाई उभ्या राहून ऐकत होत्या. माझी शुमेनची बस आली, दार उघडलं, चालकाने दोनदा भोंगा वाजवला आणि गेली. मी बोलतच होतो.